शेवटच्या पानानंतरचे पान

१

सकाळचा चहा झाला, की मी वरच्या खोलीत जाऊन मोठ्याने वाचीत असे. शाळेत मोठ्याने वाचणे हेच माझे आयुष्यभराचे काम होते. निवृत्तीनंतर ते पुन्हा माझ्याकडे चालत आले, ते स्वरदामुळे.

भुकूमच्या नव्या वसाहतीत आमचे घर अगदी टोकाला आहे. पौड रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज तिथवर पोहोचत नाही. यजमान गेल्यापासून वरची खोली रिकामी होती. स्वरदा मूळची परभणीची, इंजिनियर. तिच्या लहानशा कंपनीने दृष्टिहीन मुलांसाठी बोलते पुस्तक करायला घेतले होते. हातात मावेल एवढे यंत्र. बटण दाबले, की पाठ्यपुस्तकातला धडा ऐकू यायचा. आवाज माझा. ध्वनिमुद्रणाला शांतता हवी, म्हणून तिने ती खोली भाड्याने घेतली आणि तिथेच मुक्काम केला. आवाज घुमू नये यासाठी भिंतींवर आणि खिडक्यांवर कापसाच्या गाद्या टांगल्या. पश्चिमेच्या भिंतीवरची गादी सर्वांत मोठी, थेट जमिनीपर्यंत लोंबणारी. त्या भिंतीला खिडकी नाही, पलीकडे सज्जा नाही. बाहेर उघडी हवा आणि खाली भाताची खाचरे.

माझ्या सवयी ठरलेल्या आहेत. घड्याळ मी मनगटाच्या आतल्या बाजूला बांधते, म्हणजे पुस्तक धरलेला हात न फिरवता वेळ दिसते. धडा संपला, की पुस्तक मिटते आणि चष्मा काढते. मग स्वरदा मुद्रण परत ऐकवी आणि मी माझे उच्चार तपाशीत असे. स्वतःचे उच्चार तपासताना मी कोणतीही सवलत देत नाही.

त्या दिवशी भूगोलाचा एक धडा ऐकून झाला. स्वरदा यंत्र बंद करायला हात पुढे करणार, तोच त्यातून पान उलटल्याचा आवाज आला. त्यामागोमाग एक श्वास. वाचायला आरंभ करण्यापूर्वी घेतात तसा.

"हे माझं नाही," मी म्हटले.

"तुमचंच असणार, बाई. खोलीत दुसरं कोण होतं?"

"धडा संपल्यावर मी पान उलटत नाही, स्वरदा. पुस्तक मिटते."

तिने माझ्या मांडीवरच्या मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिले.

२

दुसऱ्या एखादीने ते हसण्यावारी नेले असते. स्वरदाने नेले नाही, आणि म्हणूनच ती मला आवडत असे. चुकीचा माग काढायला बसली, की ती जेवण विसरे. ताट वर पाठवावे लागे.

"मला समजेल असं सांग," मी म्हटले.

"यंत्राच्या आत एक कारभारी प्रोग्राम असतो, बाई. त्याला कर्नल म्हणतात. शाळेच्या हेडबाई समजा. तुमचा आवाज पानापानांनी साठवलेला असतो, पण सगळी पानं एकदम समोर ठेवायला जागा नसते. वाचणारा प्रोग्राम पुढच्या पानाला हात घालतो, ते जागेवर नसतं, की त्याचं काम तिथंच थांबतं. त्याला पेज फॉल्ट म्हणतात. मग कर्नल माझ्या ड्रायव्हरला उठवतो, ड्रायव्हर आवाजाच्या चिपमधून ते पान आणून देतो आणि काम जिथं थांबलं तिथून पुढे सुरू होतं."

"आणि जो थांबला होता, त्याला?"

"त्याला कळतही नाही आपण मध्ये थांबलो होतो ते. त्याच्या लेखी पान कायम तिथंच होतं."

ते वाक्य मला रुचले नाही. का, हे तेव्हा सांगता आले नसते.

दारात भागूबाई केरसुणी घेऊन उभी होती. ती आमच्याकडे धुणीभांडी करी. वस्तीवर तिच्या शेळ्या होत्या आणि त्यांतल्या एकदोन तिच्यामागून आमच्या फाटकापर्यंत येत. "ताई, डायवर गाडीला आसतो," ती म्हणाली. "तुमी लिवता कशापाय?"

"ही पण गाडीच आहे म्हणा ना, मावशी."

"मंग तिला बिरेक हाय का न्हाई?"

स्वरदा हसली, पण मी तोच प्रश्न पुढे नेला. "शेवटच्या पानानंतर कुणी आणखी एक पान मागितलं, तर?"

ती जराशी ओशाळली. "आधी मी 'नाही' असंच उत्तर ठेवलं होतं. पण 'नाही' म्हटलं, की वाचणारा प्रोग्राम जागच्या जागी मरतो. मुलांच्या हातात यंत्र बंद पडायला लागलं. कंपनीतला आमचा पियूष म्हणाला, डेमो तोंडावर आलाय, नाही म्हणूच नकोस, मागेल त्याला कोरं पान देऊन टाक. म्हणून आता मागेल त्याला मिळतं."

"हे चूक आहे. पुस्तक संपलं, की संपलं असंच सांगितलं पाहिजे."

"मलाही पटलेलं नाही, बाई. पण ह्या आवाजाचं कारण साधं असणार. कोरं म्हणून दिलेलं पान पुसायचं राहिलंय. पाटीवर आधीचं राहतं ना, तसं त्यात जुनं काहीतरी शिल्लक आहे."

जुने म्हणजे मागचे. त्या खुलाशाने माझे समाधान झाले.

३

दुसऱ्या दिवशी धडा संपल्यावर आम्ही दोघी गप्प बसून पुढचे ऐकू लागलो. पान उलटले. श्वास झाला. आणि माझा आवाज वाचू लागला.

तो पुढचा धडा होता. मी तो अद्याप वाचलेला नव्हता, उघडूनही पाहिलेला नव्हता. दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर खालून भागूबाईची हाक आली, "बाई, करडू जिन्यात घुसलंय बगा!" आणि माझा आवाज थांबून म्हणाला, "भागूबाई, आधी त्याला बाहेर काढा, मग ओरडा." त्यानंतर काही नाही.

स्वरदा म्हणाली, "तुम्ही हे कधीतरी वाचलं असेल. सराव म्हणून. यंत्र चालू राहिलं असेल."

"मी सराव करीत नाही."

"बाई, करडं तर रोजच घुसतात!"

हे मात्र खरे होते. मी रात्रभर त्याच एका सत्याला धरून राहिले. सकाळी वर जाण्यापूर्वी मी स्वतः जाऊन जिन्याचे खालचे दार ओढून घेतले, आणि मग पुस्तक उघडले. दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर खालून हाक आली. दार ओढलेले होते, ते भागूबाईने पाण्याची बादली आणताना उघडले होते.

मी काहीही बोलायचे नाही असे ठरवून बसले होते. पण शब्द ठरवण्याच्या आधी तोंडातून गेले. "भागूबाई, आधी त्याला बाहेर काढा, मग ओरडा." ते म्हणून होईपर्यंत आपण काय म्हणतो आहोत हे माझ्या लक्षात आले नाही. लक्षात आले, ते स्वरदाचा चेहरा पाहून.

खाली करडाच्या खुरांचा पायऱ्यांवर टकटक आवाज येत राहिला. आम्ही दोघीही हललो नाही.

४

स्वरदाने दोन गोष्टी केल्या. कोणतेही पान देण्यापूर्वी ते पूर्ण पुसले जाईल अशी व्यवस्था केली. आणि आपल्या कोडमध्ये एक ओळ घातली, जिच्यामुळे प्रत्येक वेळी पान कोण मागते आहे ते लॅपटॉपच्या पडद्यावर उमटेल. प्रत्येक प्रोग्रामला एक क्रमांक असतो. मागणाऱ्याचा क्रमांक दिसला, की चोर सापडला, असे ती म्हणाली.

धड्याचे मुद्रण वाजू लागले. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच एक क्रमांक. वाचणारा प्रोग्राम पाने मागत होता आणि त्याला ती मिळत होती. धडा संपला. ओळी थांबल्या. मी मनातल्या मनात निःश्वास टाकला.

मग आणखी एक ओळ उमटली. मागणाऱ्याच्या जागी शून्य.

"शून्य म्हणजे कुणी नाही?" मी विचारले.

"शून्य म्हणजे..." ती थबकली. "कुणालाच काही काम नसतं, तेव्हा यंत्र ज्या नावानं जागं राहतं ना, ते. पण ते कधी काही मागत नाही, बाई. त्याला काही लागतच नाही."

पान पुसून दिले गेले होते. तशी नोंद समोर दिसत होती. तरी त्यातून आवाज आला.

"स्वरदा, दार उघड."

माझा आवाज. मग थोडी शांतता, आणि पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो चिरकला. वर्गात माझा आवाज कधीही चिरकला नाही. त्यावर स्वरदाचे नेहमीचे प्रसन्न उत्तर आले, "आले हं, बाई," आणि खुर्ची सरकल्याचा आवाज. मग पावले. मग काही नाही.

स्वरदा हसायचा प्रयत्न करीत म्हणाली, "यात काय एवढं? तुम्ही हाक मारली, मी आले."

आमच्या घरात दिवसा कोणत्याही खोलीला कडी लागत नाही. तो माझा नियम आहे. दार उघड, असे मला या घरात कुणालाही म्हणावे लागलेले नाही.

एक गोष्ट मात्र मला धीर देणारी वाटली. दाराबाहेरून हाक मारली असती, तर इतक्या गाद्यांमधून ती दबकी ऐकू आली असती. हा आवाज स्वच्छ होता. मी मायक्रोफोनसमोर बसून बोलावे तितका जवळचा. तेव्हा हे घडू शकणारे नव्हे, असा निष्कर्ष मी काढला. तर्क निर्दोष होता. आजही मला त्यात दोष काढता येत नाही.

५

तरीही मी जालिंदर सुताराला बोलावले.

"लोकं कडी बशिवाया बोलावत्यात," तो म्हणाला. "तुमी काडाय बोलावलंय?"

"काढा, आणि सोबत घेऊन जा. भोकं लांबी भरून बुजवा."

त्याने वरच्या खोलीच्या दाराची कडी काढली, चौकटीतली भोके बुजवली, वरून हात फिरवून दाखवला. आता ते दार आतून बंद होणे शक्य नव्हते. दुसरे, मी स्वतःशी ठरवले की ते वाक्य या जन्मी उच्चारायचे नाही. करडाच्या वेळी मी बेसावध होते. आता तोंड उघडायचेच नाही.

स्वरदाला मी म्हटले, "हे काम दुसऱ्या कुणाला दे. तू चार दिवस घरी जाऊन ये."

"घरी गेले तर परत येऊ देतील का, बाई? बाबांनी स्थळ बघून ठेवलंय. यंत्र चालू झालं की येते, असं सांगून थांबले आहे. आणि डेमो बिघडला, तर कंपनी हे काम गुंडाळणार. मग ना यंत्र, ना मी इथं."

"मग निदान ते 'मागेल त्याला' बंद कर. शेवटच्या पानानंतर 'नाही' म्हणायला लाव."

तिने पियूषला फोन लावला. तो तिचा वरिष्ठ. त्याचे बोलणे मलाही ऐकू येत होते. "चालतंय ना? मग हात कशाला लावतेस, यार? डेमोनंतर बघू." मी फोन मागून घेतला. तो म्हणाला, "आँटी, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"मला बाई म्हणायचं. आणि चूक माहीत असताना ती मुलांच्या हातात द्यायची नसते. तुम्हाला शाळेत हे कुणी शिकवलं नाही का?"

"बरं, बाई," तो म्हणाला. "करू दे तिला."

स्वरदा माझ्याकडे पाहून डोळे मिचकावून हसली. "जेवण झालं, की बसते. 'नाही' म्हटल्यावर प्रोग्राम मरणार नाही, नुसता थांबेल, असं करते. दुपारभरात होईल."

६

दुपारी भारनियमनात वीज गेली. स्वरदाचा लॅपटॉप बॅटरीवर चालत होता. मी खाली ओसरीवर बसले होते, भागूबाई तांदूळ निवडीत होती. पंखा थांबल्यामुळे घरातला प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येत होता: सुपातले तांदूळ, वर बटणांची टकटक. मग टकटक थांबली.

आणि कडी सरकली.

आपल्या घरातल्या कडीचा आवाज माणूस ओळखतो. ती कडी जरा वाकडी होती; अर्ध्यात अडकून मग ठक्कन बसे. तशीच अडकली आणि बसली.

मी जिना चढले. दार लागलेले होते. मी ढकलले, ते चौकटीत घट्ट होते, जसे कडी लावलेले दार असते. भागूबाई माझ्यामागोमाग आली. तिने दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

"ताई! ओ ताई!"

आतून उत्तर नाही.

"ताई, झोपलाया का? ओ ताई!" ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी हाक मारा की. तुमच्या हाकंला ती उठून येती."

मी मान हलवली.

"आवं, आसं काय करता? पोरीला काय झालं आसंल तर?"

मी हाताने तोंड घट्ट दाबून धरले. ते वाक्य जिभेवर येऊन उभे होते. ते इतके साधे होते, आणि त्या क्षणी दुसरे कोणतेही वाक्य मला सुचत नव्हते. पण मी बोलले नाही. आज मी कुणासमोरही शपथेवर सांगेन, की मी बोलले नाही.

आतून माझा आवाज म्हणाला, "स्वरदा, दार उघड."

भागूबाईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मग माझ्या झाकलेल्या तोंडाकडे. ती माझ्यापासून एक पायरी खाली सरकली.

"स्वरदा, दार उघड." दाराच्या फळीतून तो दबका येत होता, पण माझाच होता. तिसऱ्यांदा तो चिरकला.

"आले हं, बाई."

खुर्ची सरकली. पावले निघाली. ती दाराकडे आली नाहीत. आमच्यापासून दूर, पश्चिमेच्या भिंतीकडे गेली, आणि भिंतीपाशी जाऊन थांबायला हवी होती तिथे थांबली नाहीत. आणखी चालत राहिली, आणि दूर जाऊ लागली, तशी पुसट होत गेली.

माझ्या तळहाताखाली दार अचानक सैल झाले आणि उघडले.

गाद्यांमुळे आत अंधार होता. लॅपटॉपच्या उजेडात फक्त पश्चिमेच्या भिंतीचा एक भाग दिसत होता. तिथली गादी एका बाजूने वर उचललेली होती आणि आमच्या डोळ्यांदेखत खाली सोडली गेली. ती सोडणारा हात मला दिसला. मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. मग तो हात पदराआड गेला, आणि तिथे गादीखेरीज काही उरले नाही.

खोलीत कुणीही नव्हते.

७

पुढचे सर्व रीतसर झाले. पोलीस आले, परभणीहून तिचे वडील आले. वडिलांनी पश्चिमेची गादी काढून भिंतीवर हात फिरवला, आणि मग स्वतःच गादी पुन्हा टांगली. खाचरांत कुणी उतरल्याची खूण नव्हती. पियूष यंत्र आणि लॅपटॉप घेऊन गेला. जाताना म्हणाला, "बाई, तिनं काम पूर्ण केलं होतं. आता शेवटच्या पानानंतर ते 'नाही' म्हणतं. मरत नाही, नुसतं थांबतं. मी खूप वेळा तपासलं." यंत्रे मुलांच्या हातांत पोहोचली आहेत. धडा संपला, की ती गप्प होतात.

भागूबाईने काम सोडले. आता ती आमच्या गल्लीत शेळ्याही आणीत नाही. वरच्या खोलीत गाद्यांखेरीज मायक्रोफोनचा स्टँड तेवढा राहिला आहे; त्याची वायर कशालाही जोडलेली नाही.

मी गप्प राहिले, आणि ती गेली. तेव्हा गप्प राहण्यात अर्थ नाही, असा विचार मी केला. जो थांबलेला असतो, त्याला आपण थांबलो होतो हे कळत नाही, असे तिनेच सांगितले होते. ती कुठेतरी थांबलेली असेल, तर हाक पोहोचली पाहिजे. आणि हाक कोणती, याविषयी मला शंका नव्हती. तिने एकाच वाक्याला उत्तर दिले होते.

काल दुपारी वीज गेल्यावर मी वर गेले. दार ओढून घेतले. पश्चिमेची गादी एका हाताने वर उचलून धरली आणि भिंतीच्या चुन्याजवळ तोंड नेऊन म्हटले, "स्वरदा, दार उघड."

काही झाले नाही. थोडे थांबून मी पुन्हा म्हटले. तिसऱ्या वेळी माझा आवाज चिरकला.

"आले हं, बाई."

उत्तर भिंतीतून आले नाही. ते माझ्या पाठीमागून आले, जिथे तिची खुर्ची असे तिथून. खुर्ची सरकली.

यंत्रातला तो माझा आवाज दबका का नव्हता, हे तेव्हा मला कळले.

पावले माझ्या दिशेने येऊ लागली. सहज, हलकी, बाईंनी बोलावले म्हणून निघालेली. त्याच वेळी मागे दारावर दोन हातांच्या थापा ऐकू आल्या असे मला वाटले. गादी त्याच क्षणी सोडायला हवी होती. पण ती येत होती. किती दिवसांनी येत होती. मी दुसरा हात मागे केला, तिला धरण्यासाठी, आणि पहिल्या हाताने गादी तशीच उचलून धरली. आपण कुणाला आत घेताना पडदा धरतो तशी.

माझ्या मागे केलेल्या हाताला काहीही लागले नाही. खांद्याला वारा लागला, तिच्या केसांच्या तेलाचा वास आला, आणि पावले माझ्यापुढे, खाचरांवरच्या उघड्या हवेत, दूर जाऊ लागली.

मग कडी अडकून ठक्कन सरकली आणि पाठीमागचे दार उघडले. दारात कुणीतरी तोंडावर हात दाबून उभे होते; त्या हाताआडचा श्वास मी ओळखला.

मी मागे वळले नाही. गादी खाली सोडली आणि हात पदराआड घेतला.